ब्लँच ब्रूस : विधिमंडळाने दिलेली आणि विधिमंडळानेच काढून घेतलेली जागा

मार्च १८७५. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेच्या सिनेटचे विशेष अधिवेशन भरले होते. नवा सभासद शपथ घ्यायला निघाला की त्याच्याच राज्यातल्या ज्येष्ठ सिनेटरने त्याच्यासोबत अध्यक्षांच्या आसनापर्यंत चालत जायचे, अशी तिथली रीत होती. मिसिसिपीचे नवे सिनेटर ब्लँच केल्सो ब्रूस यांचे नाव पुकारले गेले, तेव्हा त्याच राज्याचे ज्येष्ठ सिनेटर जेम्स अल्कॉर्न जागचे हलले नाहीत. ब्रूस एकटेच निघाले. वाटेत न्यू यॉर्कचे सिनेटर रॉस्को कॉन्कलिंग उठले आणि त्यांच्यासोबत चालू लागले. पुढे चार वर्षांनी ब्रूस यांना मुलगा झाला, तेव्हा त्याचे नाव त्यांनी रॉस्को कॉन्कलिंग ब्रूस असे ठेवले.

अपमान कसा लक्षात ठेवावा आणि उपकार कसा, हे या माणसाला ठाऊक होते. चौतीस वर्षांपूर्वी तो गुलाम म्हणून जन्मला होता.

ब्रूस यांच्याकडे मी वळले ती आमच्या अभ्यासवर्गातल्या एका वादामुळे. महाराष्ट्रात २०१७ साली सरपंचाची थेट निवडणूक आली, २०२० साली ती रद्द झाली आणि २०२२ साली पुन्हा आली. आमच्या गटातल्या काही मुलांचे म्हणणे होते की थेट मतदान हेच खरे, सदस्यांची फोडाफोड तरी थांबते. दुसऱ्यांचे म्हणणे होते की वॉर्डातून आपली दोन-तीन माणसे निवडून आली तर सरपंच ठरवताना त्यांना किंमत असते, आख्ख्या गावाच्या थेट मतात आपली वस्ती बुडून जाते. वाद तासभर चालला, मिटला नाही. नेमका हाच वाद अमेरिकेने सिनेटबद्दल शंभर वर्षांपूर्वी घातला होता. आणि त्यात काळ्या माणसाचे काय झाले, हे ब्रूस यांच्या आयुष्यात जेवढे स्पष्ट दिसते तेवढे राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात दिसत नाही.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. अमेरिकेच्या मूळ घटनेत प्रतिनिधिगृह लोकांनी निवडायचे होते, पण सिनेटर मात्र राज्यांच्या विधिमंडळांनी. प्रत्येक राज्याला, लहान असो वा मोठे, दोन सिनेटर आणि सहा वर्षांची मुदत. यामागची कल्पना अशी की सिनेट हे राज्यांचे सभागृह आहे. सिनेटर म्हणजे राज्याने केंद्राच्या दारात बसवलेला आपला माणूस. संघराज्याचा एक खांब या निवडपद्धतीवर उभा होता, असे तिचे समर्थक मानत आणि काही आजही मानतात.

ब्रूस यांचा जन्म १ मार्च १८४१ रोजी व्हर्जिनियात झाला. आई पॉली गुलाम होती. वडील बहुधा तिचा मालकच होता. मालकाच्या मुलाच्या दिमतीला म्हणून या पोराला ठेवले गेले आणि त्या मुलाच्या शिकवणीत तोही अक्षरे शिकला. ही गोष्ट लिहिताना अनेक लेखक मालकाच्या चांगुलपणाचे कौतुक करतात. मला ते पटत नाही. स्वतःच्या मुलाला मालमत्ता म्हणून बाळगणाऱ्याने त्याला चार अक्षरे शिकवली, याला औदार्य म्हणायचे असेल तर शब्दकोशच बदलावा लागेल. पुढे मालकाबरोबर त्यांची रवानगी मिसुरीत झाली. तिथे ब्रुन्सविक गावात त्यांनी छापखान्यात उमेदवारी केली. यादवी युद्ध सुरू झाले तसे ते पळाले आणि कॅन्सासमधल्या लॉरेन्सला पोचले.

लॉरेन्स हे गुलामगिरीविरोधकांचे गाव. ब्रूस तिथे काळ्या मुलांना शिकवू लागले. २१ ऑगस्ट १८६३ रोजी पहाटे क्वांट्रिलच्या टोळीने गावावर हल्ला केला आणि दीडशेच्या आसपास पुरुष व मुले मारली. ब्रूस त्यातून वाचले. त्यानंतर मिसुरीतल्या हॅनिबलमध्ये त्यांनी काळ्या मुलांसाठी शाळा चालवली, काही काळ बोटीवर हमालीही केली. १८६९ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ते मिसिसिपीत येऊन दाखल झाले.

इथून त्यांचा जिना सुरू होतो आणि त्याच्या पायऱ्या नीट पाहण्यासारख्या आहेत. मिसिसिपीत काळ्यांची लोकसंख्या निम्म्याहून जास्त होती. युद्धानंतर काळ्या पुरुषांना मताचा अधिकार मिळाला होता आणि तो बजावता यावा म्हणून दक्षिणेत केंद्राचे सैन्य उभे होते. १८७० साली याच राज्याच्या विधिमंडळाने हायरम रेव्हेल्स यांना सिनेटवर पाठवले. ते अमेरिकेचे पहिले काळे सिनेटर, पण त्यांच्या वाट्याला आलेली उरलेली मुदत जेमतेम वर्षभराची होती. १८७२ साली जॉन लिंच हे काळे तरुण राज्याच्या प्रतिनिधिगृहाचे सभापती झाले. ब्रूस आधी राज्य सिनेटमध्ये सार्जंट-अॅट-आर्म्स म्हणजे सभागृहाचे व्यवस्था अधिकारी झाले. मग बोलिव्हर काउंटीत कर आकारणी अधिकारी, शेरीफ, करवसुली अधिकारी आणि शिक्षण अधीक्षक. एकाच माणसाकडे पोलीस, तिजोरी आणि शाळा. काउंटी पातळीवरची ही सत्ता त्यांनी नीट वापरली. शाळा उभ्या केल्या, हिशेब चोख ठेवले, गोऱ्या मळेवाल्यांशीही व्यवहार सांभाळला. स्वतः जमीन घेतली आणि कापसाचे मळेवाले झाले.

१८७३ साली गव्हर्नरपदासाठी अॅडेलबर्ट एम्स आणि अल्कॉर्न यांची लढत झाली. ब्रूस यांना सुरुवातीचा हात अल्कॉर्न यांनी दिला होता, पण या लढतीत ते एम्स यांच्या बाजूने उभे राहिले. अल्कॉर्न दीड वर्षानंतर सिनेटमध्ये जागचे का हलले नाहीत, याचे उत्तर वर्णद्वेषाबरोबर इथेही आहे. एम्स जिंकले आणि फेब्रुवारी १८७४ मध्ये विधिमंडळाने ब्रूस यांना पूर्ण सहा वर्षांसाठी सिनेटवर निवडले. त्याच्या आदल्याच वर्षी इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी गुलामगिरी हा ग्रंथ प्रसिद्ध केला होता आणि तो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केला होता.

आता अप्रत्यक्ष निवडणुकीचे गणित पाहा. राज्यभरच्या लाखो मतदारांसमोर ब्रूस यांना जावे लागले नाही. काळ्या मतदारांनी आपापल्या काउंटीतून आमदार पाठवले, त्या आमदारांची पक्षात ताकद तयार झाली आणि त्या ताकदीवर सिनेटची जागा मागता आली. आमच्या अभ्यासवर्गातली दुसऱ्या बाजूची मुले हेच म्हणत होती.

पण या पद्धतीची दुसरी बाजू दीड वर्षात दिसली. ब्रूस सिनेटमध्ये बसले त्याच वर्षी मिसिसिपीत विधिमंडळाची निवडणूक होती. गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी ठरवून दहशत माजवली. सप्टेंबर १८७५ मध्ये क्लिंटनला सभेवर हल्ला झाला आणि पुढचे काही दिवस आसपासच्या भागात काळ्यांना शोधून मारले गेले. गव्हर्नर एम्स यांनी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्याकडे सैन्य मागितले. उत्तरेतले लोक या रोजच्या कटकटींना कंटाळले होते, आणि केंद्र सरकारने राज्याचा प्रश्न राज्याने सोडवावा अशा अर्थाचे उत्तर पाठवले. मतदानाच्या दिवशी याझू काउंटीत, जिथे रिपब्लिकन पक्षाचे हजारो काळे मतदार होते, त्या पक्षाला सात मते पडली. फक्त सात.

नव्या विधिमंडळाने पहिल्या काही महिन्यांत काळ्या उपगव्हर्नरला महाभियोग चालवून हटवले आणि एम्स यांना राजीनामा द्यायला लावला. ब्रूस मात्र वॉशिंग्टनमध्ये होते. त्यांची मुदत १८८१ पर्यंत होती. म्हणजे ज्या राज्याचे ते दूत होते, ते राज्य आता त्यांच्या शत्रूंच्या हाती होते. मागे सैन्य नाही, विधिमंडळ नाही, मतदार आहेत पण त्यांना मतपेटीपर्यंत जाता येत नाही. फाशीची तारीख आधीच ठरलेल्या माणसासारखी त्यांची सिनेटमधली पाच वर्षे आहेत.

त्या पाच वर्षांत त्यांनी काय केले, हे पाहिले की त्यांच्याबद्दल आदर वाटतो. मार्च १८७६ मध्ये त्यांनी मिसिसिपीच्या निवडणुकीची चौकशी करावी म्हणून सिनेटमध्ये भाषण केले. चौकशी समिती नेमली गेली, तिने साक्षी नोंदवल्या, जाडजूड अहवाल आला. पुढे काहीच झाले नाही. चौकशी समित्यांचा आपलाही अनुभव वेगळा नाही. त्याच महिन्यात लुईझियानाचे पिंचबॅक यांचे प्रकरण निकाली निघाले. १८७२ च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर लुईझियानात दोन प्रतिस्पर्धी सरकारे आणि दोन विधिमंडळे उभी राहिली होती. त्यातल्या एकाने पिंचबॅक या काळ्या नेत्याला सिनेटवर निवडले होते. तीन वर्षे सिनेटने घोळ घातला. ब्रूस त्यांच्या बाजूने बोलले, तरीही शेवटी ३२ विरुद्ध २९ मतांनी पिंचबॅक यांना जागा नाकारली गेली. सिनेटर राज्याचा दूत असतो हे मान्य केले, की राज्य म्हणजे कोण हा प्रश्न येतो. आणि त्याचे उत्तर बंदुका कोणाकडे आहेत यावर ठरत होते.

ब्रूस यांनी मिसिसिपी नदीच्या पूरबांधांसाठी खटपट केली. फ्रीडमन्स बँक १८७४ साली बुडाली होती आणि तिच्यात ६१ हजारांवर माजी गुलामांचे व त्यांच्या संस्थांचे सुमारे ३० लाख डॉलर अडकले होते. या बुडीत बँकेच्या चौकशी समितीचे अध्यक्षपद ब्रूस यांच्याकडे होते. अमेरिकेतल्या मूळनिवासींना नागरिक म्हणून वागवा, असे त्यांनी सभागृहात मांडले. १८७९ साली चिनी मजुरांना अडवणारे विधेयक आले तेव्हा त्यांनी विरोधात मत दिले. स्वतःच्या समाजाचा एकुलता एक प्रतिनिधी असूनही दुसऱ्या पीडितांसाठी मत खर्च करणारा हा माणूस होता. १४ फेब्रुवारी १८७९ रोजी ते काही काळ सिनेटच्या अध्यक्षस्थानी बसले. त्या आसनावर बसलेला तो पहिला काळा माणूस, आणि गुलाम म्हणून जन्मलेलाही पहिलाच.

सगळेच कौतुकाचे नाही. त्यांची पत्नी जोसेफिन क्लीव्हलंडच्या एका सुखवस्तू दंतवैद्याची मुलगी. वॉशिंग्टनमध्ये त्यांचे घर काळ्या उच्चवर्गाचे केंद्र झाले. त्यांच्या मळ्यात मात्र काळेच मजूर राबत होते. मिसिसिपीतल्या बांधवांवर गोळ्या चालत असताना त्यांचे बोलणे फार मवाळ होते, असा आरोप तेव्हाही झाला. त्यात तथ्य आहे. पण ज्याच्या पायाखालची जमीनच काढून घेतली आहे, त्याने किती मोठ्याने ओरडायला हवे होते, हे दीडशे वर्षांनंतर खुर्चीत बसून ठरवणे सोपे असते.

१८८० च्या सुरुवातीला मिसिसिपीच्या विधिमंडळाने ब्रूस यांच्या जागी जेम्स जॉर्ज यांना निवडले. मिसिसिपीतल्या दहशतीच्या त्या मोहिमेचे राजकीय सूत्रधार ते हेच. ब्रूस यांना लोकांसमोर हरवण्याची गरजच पडली नाही. विधिमंडळ पाच वर्षांपूर्वीच काबीज झाले होते, बाकीचे काम आपोआप झाले. अप्रत्यक्ष निवडणुकीत वंचितांना आत येण्याचा दरवाजा असतो हे खरे, पण त्याची किल्ली सभागृहातल्या बहुमताकडे असते.

पुढचे आयुष्य थोडक्यात. राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांनी १८८१ साली त्यांना ट्रेझरी खात्याचे रजिस्ट्रार नेमले आणि अमेरिकेच्या नोटांवर पहिल्यांदा काळ्या माणसाची सही आली. मग ते वॉशिंग्टनच्या दस्तनोंदणी खात्याचे प्रमुख झाले, १८९७ साली पुन्हा ट्रेझरीत आले आणि १७ मार्च १८९८ रोजी वारले. सगळी पदे नेमणुकीची. निवडून येण्याचा रस्ता बंद झाला होता. जॉर्ज यांनी १८९० साली मिसिसिपीची नवी राज्यघटना घडवण्यात पुढाकार घेतला होता. तिने मतदारावर डोईपट्टी लादली आणि घटनेचे कलम वाचून किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगण्याची परीक्षा लावली. परीक्षक अर्थातच गोरे. काळ्यांचे नाव न घेता काळे मतदारयादीतून बाहेर फेकले गेले.

ब्रूस गेल्यानंतर पंधरा वर्षांनी त्यांना निवडणारी पद्धतच गेली. तिच्याविरुद्धच्या तक्रारी खऱ्या होत्या. आमदार विकत घेऊन सिनेटर होणारे धनदांडगे होते, महिनोन्‌महिने निवड न झाल्याने राज्ये प्रतिनिधीविना राहत. १९०१ ते १९०३ या काळात डेलावेअरचा एकही सिनेटर नव्हता. सुधारकांनी थेट निवडणुकीची मागणी लावून धरली. पण १९११ साली हा ठराव प्रतिनिधिगृहातून आला, तेव्हा दक्षिणेच्या आग्रहाने त्यात एक कलम घुसवलेले होते: सिनेटच्या निवडणुकांवर देखरेख करण्याचा केंद्राचा अधिकार काढून घ्यायचा. मत जनतेला द्या, पण जनता कोण हे आम्ही ठरवू आणि वॉशिंग्टनने त्यात डोकावू नये, असा त्याचा अर्थ. सिनेटमध्ये हा अधिकार कायम ठेवणारी ब्रिस्टो यांची दुरुस्ती मांडली गेली. मते पडली ४४ विरुद्ध ४४. उपराष्ट्राध्यक्ष शर्मन यांच्या निर्णायक मताने ती मंजूर झाली. सतराव्या घटनादुरुस्तीला पुरेशा राज्यांची संमती ८ एप्रिल १९१३ रोजी मिळाली. मिसिसिपीने ती कधी दिलीच नाही.

त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यू यॉर्कला उतरले. नव्या पद्धतीची पहिली सार्वत्रिक सिनेट निवडणूक १९१४ साली झाली, तेव्हा ते तिथेच होते.

थेट मताने राज्यांची केंद्रावरची पकड गेली, सिनेटर राज्य सरकारांना जुमानेनासे झाले आणि संघराज्य खिळखिळे झाले, अशी टीका होते. काही प्रमाणात ती बरोबर आहे. विधिमंडळाला सिनेटरवर दाब ठेवण्याचे साधन उरले नाही. पण मिसिसिपीच्या काळ्या शेतमजुराला विचारले असते तर त्याने सांगितले असते की राज्याचा हक्क या शब्दाचा त्याच्या पाठीवर काय अर्थ उमटतो. उलट थेट मतानेही त्याचे भले लगेच झाले नाही. नव्या दुरुस्तीत मतदाराची पात्रता राज्याच्या नियमांनुसारच राहिली. मिसिसिपीत १९१० साली विधिमंडळातल्या पक्षबैठकीत उघड वर्णद्वेषी जेम्स व्हार्डमन हरले होते. १९११ साली गोऱ्यांच्या मतांवर चाललेल्या पक्षांतर्गत थेट निवडणुकीत तेच दणदणीत जिंकले आणि सिनेटवर गेले. मतदारयादीतून निम्मी जनता आधीच गायब असेल तर थेट निवडणूक उरलेल्यांचाच आवाज मोठा करते.

मात्र केंद्राचा तो अधिकार त्या एका मताने वाचला होता, आणि सिनेटरची निवड आता बंद विधिमंडळात न होता मतदान केंद्रावर होत होती. १९६४ च्या चोविसाव्या दुरुस्तीने राष्ट्रपती, प्रतिनिधी आणि सिनेटर यांच्या निवडणुकांतली डोईपट्टी रद्द केली. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने केंद्राचे अधिकारी मिसिसिपीत मतदार नोंदवायला पोचले. ब्रूस यांच्यानंतरचे पहिले काळे सिनेटर एडवर्ड ब्रुक १९६६ साली थेट मताने निवडून आले, पण मॅसॅच्युसेट्समधून, जिथे काळ्यांची संख्या अगदी थोडी होती. मधे ८६ वर्षे गेली. एकेकाळी निम्म्याहून जास्त काळी लोकसंख्या असलेल्या मिसिसिपीने नाही, तर गोऱ्यांच्या राज्याने त्यांना निवडले, ही गोष्ट आमच्या अभ्यासवर्गातल्या दोन्ही बाजूंना अडचणीची आहे.

आपल्याकडे राज्यसभा आजही आमदार निवडतात. बाबासाहेब १९४६ साली संविधान सभेत गेले ते बंगालच्या विधिमंडळातल्या मतांवर, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या साथीने. १९५२ साली मुंबईत लोकसभेला थेट मतदानात त्यांना पाडले गेले आणि ते मुंबई राज्याच्या विधिमंडळातून राज्यसभेवर गेले. म्हणजे अप्रत्यक्ष निवडणुकीने दोनदा दार उघडले. पण लोकसभेत आणि विधानसभेत अनुसूचित जातींसाठी राखीव जागा आहेत, राज्यसभेत एकही नाही. आणि २००३ च्या दुरुस्तीनंतर त्या राज्याचा रहिवासी असण्याची अटही गेली, मतपत्रिकाही पक्षाला दाखवावी लागते. राज्यांचे सभागृह म्हणून तिचे काय उरले, हा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांच्या चर्चेत फारसा येत नाही. तो यायला हवा, कारण तिथल्या मताने आपल्या आरक्षणाच्या घटनादुरुस्त्याही ठरतात.

अमेरिकेच्या संसद भवनात प्रत्येक राज्य आपल्या दोन थोर व्यक्तींचे पुतळे पाठवते. कोणाचे पाठवायचे हे राज्याचे विधिमंडळ ठरवते. मिसिसिपीने १९३१ साली दोन पुतळे दिले. एक गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणेचा राष्ट्राध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांचा, दुसरा जेम्स जॉर्ज यांचा. ब्रूस यांचे तैलचित्र त्याच इमारतीत २००२ साली लागले. ते सिनेटने स्वतः काढून घेतले.